वियोगाची मुदत

संगणकाची आज्ञावली पूर्ण झाली असे ज्या दिवशी तिचे कर्ते जाहीर करतात, त्याच दिवशी तिच्या दुरुस्तीलाही आरंभ होतो. आणि गिऱ्हाइकाच्या हाती गेलेली प्रत व कर्त्याच्या मेजावरील प्रत यांच्यातील अंतर त्या घटकेपासून वाढू लागते. गिऱ्हाइकाला सापडलेला दोष आजच्या आज काढून द्यावयाचा असतो. परंतु मेजावरील प्रतीत पुढील वर्षाची अर्धीमुर्धी बांधणी चालू असल्यामुळे ती त्याच्या हवाली करता येत नाही. तेव्हा मूळ मजकुराचे दोन प्रवाह करावयाचे, एकात केवळ दुरुस्त्या आणि दुसऱ्यात नवी बांधणी चालू ठेवावयाची, आणि यथाकाल एकातील इष्ट ते दुसऱ्यात आणावयाचे, ही जी तजवीज, तिला या व्यवसायात ब्रँच काढणे म्हणतात, आणि दोन प्रवाह पुन्हा एक करणे याला मर्ज करणे. ब्रँचला आपण शाखा म्हणू. मर्ज हा शब्द आता कचेऱ्याकचेऱ्यांतून इतका रुळला आहे की त्याला हात लावण्याचे प्रयोजन नाही.

शाखा काढण्याची कारणे एवढ्यावर संपत नाहीत. दहा माणसे एकाच मजकुरावर काम करीत असतील, तर एकाचे मोडकेतोडके अर्धे काम दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये म्हणूनही शाखा काढतात. एखादी कल्पना साधेल की फसेल याची खात्री नसली, तर मुख्य मजकुरास धक्का न लावता ती पडताळून पाहण्यासाठीही काढतात. या विषयावर लिहिणारे बहुतेक लेखक शाखांचे प्रकार किती असावेत, त्यांना नावे कोणत्या शिरस्त्याने द्यावीत, कोणती कोणत्या शाखेतून फुटावी, यांची मोठमोठी कोष्टके मांडतात. त्या कोष्टकांचा उपयोग मी नाकारीत नाही. तथापि शाखांचा कारभार बिघडलेला जेथे जेथे दिसतो, तेथे तेथे मूळ शोधू गेल्यास ते प्रकारांत किंवा नावांत क्वचितच सापडते. शाखा फुटल्यापासून परत येईपर्यंत किती दिवस लोटले आणि तिला परत घेण्याचा अखत्यार कोणाकडे होता, या दोन गोष्टींत ते बहुधा असते. वियोग फुकट मिळतो, पुनर्मीलनाला मोल पडते, आणि ते मोल मुदतीबरोबर चढते. या क्षेत्राचा पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे हे वियोग कसकसे स्वस्त होत गेले आणि त्यामुळे प्रश्न यंत्राच्या हातून निसटून माणसांच्या कारभारात कसा येऊन पडला, ते लक्षात येते.

आवृत्त्यांचे दप्तर यंत्राकडूनच राखवून घ्यावे ही कल्पना १९७२ साली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी एससीसीएस या नावाने प्रत्यक्षात आणली. पुढे दहा वर्षांनी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस रचली, आणि तिच्यात शाखांची सोय पुरेशी स्पष्ट होती. प्रत्येक फाइलीच्या आवृत्त्यांना १.१, १.२, १.३ असे क्रमांक पडत, आणि १.३ पासून शाखा फुटली की तिच्या आवृत्त्या १.३.१.१ अशा लांबलचक आकड्यांनी ओळखल्या जात. टिची यांची हिशेबी युक्ती अशी की, मुख्य खोडावरील अगदी ताजी आवृत्ती तेवढी संपूर्ण ठेवावयाची आणि जुन्या आवृत्त्या तिच्यापासून मागे जाण्याच्या फरकांच्या रूपाने साठवावयाच्या. शाखेवरील आवृत्ती हवी असेल, तर ताज्या प्रतीपासून मागे फाट्यापर्यंत जावयाचे आणि तेथून शाखेवर पुढे चालत यावयाचे. खोडावर काम करणाऱ्याला मजकूर तत्काळ मिळे आणि शाखेवरच्याला दुहेरी खेप पडे. शाखा ही अपवादाची बाब आहे, हे त्या काळचे मत साठवणुकीच्या पद्धतीतच असे मुरलेले होते.

नित्याच्या कामात तेव्हा कुलपाचा रिवाज होता. फाइल एकाने ताब्यात घेतली की तो ती परत करीपर्यंत इतरांनी ती वाचावी, पण लिहू नये. या रिवाजात दोघांचे बदल एकमेकांवर आदळण्याचा संभवच नव्हता, आणि ताबेदार रजेवर गेला की काम पुढे सरकण्याचाही नव्हता. ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातील डिक ग्रून यांना ही अडचण मोठ्या गमतीदार रूपात भेटली. दोन विद्यार्थ्यांबरोबर ते सी भाषेचा एक कंपायलर तयार करीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेला धरबंध नाही, आणि स्वतः ग्रून यांना सवड मिळे ती केवळ संध्याकाळी. तिघांना एकमेकांची वाट न पाहता काम करता यावे म्हणून त्यांनी आरसीएसच्या वर ज्या आज्ञासंहिता रचल्या आणि १९८६ साली सर्वांसाठी खुल्या केल्या, त्यांतूनच सीव्हीएस ही प्रणाली निघाली, आणि १९८९ साली ब्रायन बर्लिनर यांनी ती सी भाषेत नव्याने लिहिली. हिच्यात प्रत्येकाने आपली नकल उतरून घ्यावी, सवडीने तीत लिहावे, आणि अखेरीस सर्वांच्या मजकुराशी जुळवून घ्यावे, असा करार होता. वरकरणी ही केवळ सोय दिसते. परंतु आपल्या यंत्रावर उतरून घेतलेल्या नकलेत पहिले अक्षर बदलले, त्याच क्षणी एक शाखा फुटली हे ध्यानात घ्यावयास हवे. तिला नाव नव्हते आणि दप्तरात तिची नोंद नव्हती, एवढाच काय तो फरक. आम्ही शाखा काढीतच नाही, अशी जी मंडळी आजही अभिमानाने सांगतात, त्यांच्याही घरी अशा बिननावाच्या शाखा माणशी एक असतातच.

आता दोन नकला जुळवावयाच्या म्हणजे नेमके काय करावयाचे? भिन्न वाटांनी गेलेले पाठ एकत्र आणण्याचा उद्योग महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभिलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या हाती आले, त्यांच्या संपादनाखाली आदिपर्व १९३३ साली पुरे झाले, आणि समग्र ग्रंथ सिद्ध होण्यास १९६६ साल उजाडले. शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मलयाळम् अशा नाना लिप्यांतील पोथ्या समोर ठेवून सुखटणकरांनी प्रथम त्यांचा वंशवृक्ष मांडला. कारण दोन पोथ्यांपैकी एकीत श्लोक आहे आणि दुसरीत नाही एवढ्यावरून, पहिलीने तो घातला की दुसरीने गाळला, हे सांगण्यास काहीच आधार नसतो. तो निर्णय करावयाचा तर त्या दोघींच्या समान पूर्वजात काय होते ते कळले पाहिजे, आणि तो पूर्वज तर काळाच्या उदरात गेलेला. पोथ्यांच्या संपादकाला जो पूर्वज अनेक वर्षांच्या परिश्रमाने तर्काने उभा करावा लागतो, तो आपल्या या दप्तरात तारखेसह हजर असतो, आणि मर्ज करणाऱ्या यंत्राचे सारे सामर्थ्य एवढ्या एका सोयीत आहे. दोन्ही शाखा जेथून फुटल्या ती आवृत्ती यंत्र शोधून काढते आणि तिन्ही पाठांची ओळीओळीने रुजुवात घालते. जी ओळ पूर्वजात व एका शाखेत एकसारखी आहे आणि दुसऱ्या शाखेत वेगळी, ती दुसऱ्या शाखेने बुद्ध्या बदलली असे समजून यंत्र बदललेली ओळ स्वीकारते. जी ओळ दोघांनीही बदलली, आणि वेगवेगळी बदलली, तेथे ते हात टेकते व दोन्ही पाठ एकाखाली एक मांडून, त्यांच्या आगेमागे चिन्हांच्या रांगा ओढून, निर्णय माणसावर सोपविते. यालाच कॉन्फ्लिक्ट आला असे म्हणतात.

नवशिक्यांना या कॉन्फ्लिक्टची फार धास्ती वाटते. वस्तुतः तो यंत्राचा प्रामाणिकपणा होय. भीती बाळगावयाची ती, जेथे यंत्र काही न बोलता होकार देते त्या प्रसंगाची. समजा, एखाद्या पतसंस्थेच्या आज्ञावलीत व्याज काढणारे एक फंक्शन आहे आणि ते व्याजाचा दर सालिना घेते. एका शाखेवर कोणी त्याची रचना बदलून दर दरमहाचा करतो, आणि त्या घटकेस जेथे जेथे ते फंक्शन वापरलेले आहे ती सर्व ठिकाणे इमानेइतबारे दुरुस्त करतो. त्याच सुमारास दुसऱ्या शाखेवर दुसरा कोणी मुदत ठेवींचा नवा विभाग लिहितो आणि तेथे ते फंक्शन जुन्या समजुतीने, सालिना दर देऊन, वापरतो. दोघांनी मिळून एकही ओळ सामाईक बदललेली नाही. किंबहुना दुसऱ्याची फाइल पहिल्याच्या शाखेवर अस्तित्वातच नाही. तेव्हा मर्ज निर्वेध पार पडतो, पडद्यावर यशाची नोंद उमटते, आणि ठेवीदाराच्या खात्यावर बारापट व्याज जमा होऊ लागते. अक्षरांची जुळणी यंत्र करू शकते, अर्थाची नाही. आणि अर्थाचा विसंवाद पकडण्यास चाचण्या किंवा तो संपूर्ण मजकूर जाणणारा माणूस यांवाचून तिसरा उपाय नाही.

मुदतीचा प्रश्न येथेच उभा राहतो. दोन शाखा एका दिवसाने जुळविल्या, तर बारापट व्याजाचा घोळ ज्याने केला त्याला आपण काल काय लिहिले ते आठवत असते. तीन महिन्यांनी जुळविल्या, तर दोघांपैकी एक जण नोकरी सोडूनही गेलेला असू शकतो. शिवाय शाखांची संख्या वाढली म्हणजे विसंवादाच्या जागा त्या प्रमाणात न वाढता त्याहून झपाट्याने वाढतात. पाच शाखा एकाच वेळी चालू असल्या, तर परस्परांशी बेबनाव होऊ शकतील अशा जोड्या १० होतात. वीस असल्या, तर १९०. प्रत्येक शाखा मुख्य शाखेशी नीट जुळते आहे अशी खातरजमा ज्याने त्याने केली, तरी या जोड्यांविषयी ती काहीच सांगत नाही, कारण शेजारच्या शाखेतील मजकूर अद्याप मुख्य शाखेत आलेलाच नसतो.

सीव्हीएसच्या काळी शाखा काढणेही स्वस्त नव्हते. प्रत्येक फाइलीच्या इतिहासावर शाखेची खूण उमटवावी लागे, म्हणून हजारो फाइलींच्या प्रकल्पात शाखा काढण्यास चांगलाच वेळ लागे; आणि एकदा केलेल्या मर्जचे स्मरण त्या प्रणालीला राहत नसे, त्यामुळे मागील खेपेस कोठपर्यंतचे बदल आणले होते याची खूण ज्याची त्यानेच राखावी लागे. ती राखावयास विसरला की तेच बदल दुसऱ्यांदा येऊन आदळत. २००४ साली पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या सबव्हर्जनने शाखा काढणे अत्यल्प खर्चाचे केले, तेथे शाखा म्हणजे एका निर्देशिकेची नाममात्र नकल. परंतु मर्ज ध्यानात ठेवण्याची व्यवस्था तीतही २००८ सालच्या १.५ या आवृत्तीपर्यंत नव्हती. अर्थात चार वर्षे असा काळ गेला की, घर सोडणे सोपे झाले होते आणि परतण्याचा रस्ता मात्र पूर्वीइतकाच खडतर होता. त्या काळातील अनेक अनुभवी मंडळी शाखांच्या नावाने अजूनही कानाला खडा लावतात, त्याचे कारण हे.

या साऱ्याचा हिशेब बदलला तो २००५ साली. लिनक्स कर्नेलचे, म्हणजे त्या संगणक-व्यवस्थेच्या गाभ्याचे, काम तीन वर्षे ज्या बिटकीपर नावाच्या खासगी मालकीच्या प्रणालीवर चालले होते, तिचा विनामूल्य परवाना मालकांनी काढून घेतला, आणि त्या कर्नेलचे प्रमुख लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ३ एप्रिल रोजी स्वतःच नवी प्रणाली लिहावयास घेतली. ७ एप्रिलला ती स्वतःचाच इतिहास स्वतः सांभाळू लागली, जूनमध्ये २.६.१२ हे कर्नेल तिच्या आधाराने प्रसिद्ध झाले. आणि जुलैअखेर तिचा कारभार जुनिओ हामानो यांच्याकडे गेला, तो आजतागायत त्यांच्याकडेच आहे. हीच गिट. गिटमध्ये प्रत्येक कमिट, म्हणजे दप्तरातील प्रत्येक नोंद, आपल्या आधीच्या नोंदीचे किंवा नोंदींचे नाव बरोबर बाळगते. मर्जची नोंद दोन पूर्वजांची नावे बाळगते, म्हणून समान पूर्वज शोधणे ही केवळ वंशावळ चाळण्याची बाब ठरते. दोनच काय, अनेक पूर्वज चालतात. २०१४ साली लिनक्सच्या इतिहासात ६६ पूर्वजांचा एक मर्ज दाखल झाला तेव्हा खुद्द टोरव्हाल्ड्स यांनाही त्याची थट्टा केल्यावाचून राहवले नाही. आणि शाखा? शाखा म्हणजे ज्या नोंदीपाशी ती सध्या उभी आहे तिचे चाळीस अक्षरी नाव लिहिलेली एक चिमुकली फाइल. ओळ संपल्याची खूण धरून ४१ बाइट. प्रकल्प लाख फाइलींचा असो की तीन फाइलींचा, शाखा काढण्याचा खर्च तेवढाच.

वियोगाची किंमत अशी शून्यावर आल्यानंतर, कोणती शाखा किती दिवस बाहेर ठेवावयाची याचा निर्णय यंत्राच्या मर्यादांनी करावयाचा तो माणसांच्या शिस्तीवर येऊन पडला. या शिस्तीचा सर्वांत बोधप्रद नमुना लिनक्सचाच आहे, आणि तो तोट्यातून आलेल्या शहाणपणाचा असल्यामुळे थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. पूर्वी तेथे सम-विषमाचा शिरस्ता होता: २.४ सारखी सम आकड्याची मालिका लोकांच्या वापरासाठी, २.५ सारखी विषम आकड्याची मालिका नव्या बांधणीसाठी, आणि ती बांधणी पक्व झाली की तिचेच २.६ व्हावयाचे. जानेवारी २००१ मध्ये २.४ निघाले आणि २.६ येण्यास डिसेंबर २००३ उजाडले. या जवळजवळ तीन वर्षांत नवे जे जे घडले ते २.५ च्या शाखेत अडकून पडले, आणि गिऱ्हाइकांचा तगादा असह्य झालेल्या वितरकांनी, म्हणजे कर्नेल इतर आज्ञावलींसह बांधून देणाऱ्या मंडळींनी, ते आपापल्या परीने जुन्या २.४ मध्ये उतरवून घेण्यास आरंभ केला. थ्रेडची नवी व्यवस्था रेड हॅट या वितरकाने २००३ सालच्या आपल्या नवव्या आवृत्तीत अशीच आणली होती. परिणामी ज्याला लोक २.४ म्हणत, ते प्रत्येक वितरकाचे निराळे होऊ लागले. अधिकृत शाखेची मुदत लांबली की तिच्या भोवती अनधिकृत शाखांचे रान कसे माजते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

२००४ साली कर्नेलच्या प्रमुखांनी हा शिरस्ता मोडीत काढला. त्यानंतर स्थिर झालेली व्यवस्था अशी: एक आवृत्ती प्रसिद्ध झाली की दोन आठवडे दार उघडे. या मुदतीत निरनिराळ्या विभागांचे व्यवस्थापक आपापल्या शाखा टोरव्हाल्ड्स यांच्यापुढे मांडतात, आणि ते त्या स्वीकारतात किंवा परत धाडतात. दोन आठवडे सरले की दार बंद. पुढे सहा ते आठ आठवडे केवळ दोषनिवारण, दर आठवड्यास एक चाचणी-आवृत्ती, आणि मग पक्की आवृत्ती. दहा हजारांहून अधिक बदल दर नऊ-दहा आठवड्यांनी या दारातून आत जातात. ज्याचे काम वेळेत झाले नाही त्याला रागावण्याचे कारण नसते, कारण पुढचे दार अडीच महिन्यांच्या आत उघडणार असते. तीन वर्षांनी उघडणाऱ्या दाराशी मात्र चेंगराचेंगरी होते, आणि अर्धेकच्चे काम आत रेटण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. येथे मुदतीने माणसांच्या स्वभावावर केलेला परिणाम मला यांत्रिक लाभांहून मोलाचा वाटतो.

ज्या जोड्यांविषयी वर लिहिले त्यांचाही बंदोबस्त तेथे केलेला आहे. २००८ पासून लिनक्स-नेक्स्ट नावाचे एक भांडार, म्हणजे मजकुराचे स्वतंत्र दप्तर, राखले जाते. पुढील खेपेस ज्या शाखा आत येऊ इच्छितात त्या शेकडो शाखा तेथे कामाच्या प्रत्येक दिवशी एकत्र करून पाहतात, आणि दुसऱ्या दिवशी तो सारा संगम बाजूस ठेवून नव्याने करतात. त्या भांडारावर कोणी आपले काम उभारावयाचे नसते. उद्याचे भांडण आज कळावे, एवढाच त्याचा हेतू.

याच्या उलट चित्र विंडोज व्हिस्टाचे. त्या प्रकल्पावर काम केलेल्या एका अभियंत्याने २००६ साली लिहिलेल्या हकिगतीवरून असे दिसते की, तेथे भांडारांची उतरंड होती. खालच्या भांडारातील काम ठरावीक काळाने वरच्यात जाई आणि वरच्यातील खाली उतरे. त्याचा चमू मुळापासून चार पायऱ्या खाली होता, आणि त्याने लिहिलेला मजकूर मुळापर्यंत पोहोचण्यास एक ते तीन महिने लागत; तेथून तो शेजारच्या चमूच्या हाती येण्यास त्याच्या कित्येक पट. ज्या तीन चमूंना मिळून पडद्यावरचा एकच मेनू ठरवावयाचा होता, त्यांना परस्परांचे काम पाहण्यासही एवढा अवधी लागावा, हे वाचून सचिवालयातील फाइलींचा प्रवास कोणास आठवला तर त्यात नवल नाही. शाखांची रचना बहुधा कचेरीच्या रचनेचीच छाया असते. मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात संस्थेने केलेल्या रचना तिच्या स्वतःच्या बांधणीचीच नकल होतात असे जे म्हटले होते, ते येथेही लागू पडते.

गूगलने दुसरे टोक गाठले. रेचल पॉटविन व जॉश लेव्हनबर्ग यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार, त्या कंपनीचा जवळजवळ सारा मजकूर एकाच भांडारात आहे: सुमारे शंभर कोटी फाइली, ८६ टेराबाइट, साडेतीन कोटी कमिट, आणि पंचवीस हजार अभियंत्यांपैकी बहुतेक जण थेट मुख्य खोडावर काम करतात. शाखा निघते ती प्रसिद्धीपुरती, आणि तीत खोडावरील निवडक दुरुस्त्या तेवढ्या उचलून आणतात. मग महिनोन् महिने चालणारे मोठे काम खोडावर कसे करावयाचे? तर ते एका अटीच्या आड झाकून ठेवावयाचे: मजकूर आत आहे, परंतु खूण चालू केल्यावाचून तो अमलात येत नाही. फ्लिकरच्या अभियंत्यांनी २००९ साली हीच युक्ती सांगून शाखांची गरजच उरत नाही असे मत मांडले होते.

युक्ती उत्तम आहे. परंतु ती शाखा नाहीशी करते असे मला वाटत नाही. ती शाखा दप्तरातून काढून आज्ञावलीच्या पोटात नेऊन ठेवते, आणि तेथे तिची मुदत मोजण्यास कोणी नसले म्हणजे काय होते, ते १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या रोखे-व्यवहार करणाऱ्या पेढीने पाहिले. २००३ पासून वापरात नसलेला मजकूर तिच्या आज्ञावलीत तसाच पडून होता. तो जागा करणारी जुनी खूणच नव्या कामासाठी पुन्हा वापरली. आणि आठ सर्व्हरांपैकी एकावर नवी आज्ञावली चढविण्याचे राहून गेले. बाजार उघडताच त्या एका सर्व्हरवरील जुना मजकूर जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत पेढीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान सोसावे लागले. नऊ वर्षे बाहेर राहिलेली शाखा जशी धोक्याची, तशीच नऊ वर्षे आत झाकलेली खूणही.

या दोन टोकांच्या मधोमध जी व्यवस्था सर्वाधिक प्रसिद्धी पावली, ती व्हिन्सेंट ड्रीसेन या डच अभियंत्याने जानेवारी २०१० मध्ये मांडलेली. तीत दोन शाखा कायमच्या, एक प्रसिद्ध झालेल्या मजकुराची आणि एक विकासाची. त्यांखेरीज नव्या सोयींच्या, प्रसिद्धीपूर्व तयारीच्या आणि तातडीच्या दुरुस्तीच्या अशा तीन प्रकारच्या तात्पुरत्या शाखा. तिची आकृती इतकी देखणी होती की ती कचेऱ्यांच्या भिंतींवर चढली, आणि ज्यांना आवृत्त्यांच्या तारखाच नाहीत, ज्यांचा मजकूर दिवसातून चार वेळा थेट वापरात जातो, अशांनीही ती शिरोधार्य मानली. २०२० साली ड्रीसेन यांनी स्वतःच आपल्या लेखावर टीप जोडून अशा मंडळींनी अधिक साधी पद्धत स्वीकारावी असे सुचविले. ग्रंथकाराने आपल्या ग्रंथाच्या अतिप्रचाराला स्वतःच आळा घालावा, ही या व्यवसायातील दुर्मिळ सभ्यता होय. ज्यांना गिऱ्हाइकाकडील तीन-तीन आवृत्त्या एकाच वेळी सांभाळावयाच्या असतात, त्यांना मात्र ती व्यवस्था आजही उपयोगी पडते.

उरलेले नियम बरेचसे घरगुती आहेत. शाखेच्या नावावरून कामाचा बोध व्हावा, मालकाचा नव्हे. मर्ज झाला की शाखा पुसावी. गिट तर एकत्र न झालेली शाखा साध्या आज्ञेने पुसू देत नाही, आणि हट्टाने पुसलीच तरी ती आपल्या यंत्रावरची असेल तर काही आठवडे तिच्या नोंदी यंत्राच्या आतल्या रोजनाम्यावरून परत मिळविता येतात. मुख्य शाखेवर कोणी परस्पर लिहू नये, दुसऱ्या कोणाची मंजुरी आणि चाचण्यांचा होकार असल्याखेरीज तेथे काही दाखल होऊ नये, हे कुंपण बहुतेक ठिकाणी असते. परंतु मंजुरी देणारा एकच आणि तो चार दिवस सभांत गुंतलेला, असे झाले की त्या चार दिवसांत प्रत्येक शाखेचे वय चार दिवसांनी वाढते, आणि दोष मात्र शाखा काढणाऱ्यांना लागतो. रिबेसविषयी, म्हणजे आपल्या शाखेच्या नोंदी जणू आजच फुटलेल्या शाखेवर लिहिल्या आहेत अशा रीतीने नव्याने लिहून काढण्याविषयी, दोन पक्ष आहेत. इतिहास स्वच्छ दिसावा म्हणणारे आणि इतिहास घडला तसा राहावा म्हणणारे. दोघांनाही मान्य असलेला दंडक एवढाच की, खाडाखोड आपल्या खासगी मसुद्यात करावी; ज्या नोंदींवर इतरांनी आपले काम उभारले त्या बदलू नयेत, कारण नव्याने लिहिलेली नोंद अक्षरशः निराळी नोंद असते आणि तिच्या जुन्या नावावर विसंबलेले लोक अधांतरी लोंबकळतात. मुख्य शाखेतील ताजा मजकूर आपल्या शाखेत रोज ओढून घ्यावा असे कंपन्यांतून सांगतात. लिनक्समध्ये मात्र विभागांच्या व्यवस्थापकांनी असे निष्कारण मर्ज केलेले टोरव्हाल्ड्स यांना खपत नाही. प्रत्येक मर्ज का केला याचे कारण नोंदीत लिहिता आले पाहिजे, अशी त्यांची अट आहे.

येथवर सारी चर्चा परत येणाऱ्या शाखांची झाली. काही शाखा परत यावयाच्याच नसतात, आणि त्यांना हा मुदतीचा न्याय लावून चालणार नाही. डिसेंबर २००९ मध्ये निघालेले लिनक्स २.६.३२ हे कर्नेल डेबियन ६, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ आणि उबुंटू १०.०४ या तिन्ही वितरणांनी स्वीकारले, त्यामुळे जगभरच्या असंख्य सर्व्हरांवर ते वर्षानुवर्षे चालत राहिले. त्याच्यासाठी एक देखभालीची शाखा राखली होती आणि तीत दुरुस्त्या येत. पण अशा शाखांसाठी नियम असा की, तीच दुरुस्ती किंवा तिच्या तोडीची दुसरी आधी मुख्य शाखेत दाखल झालेली असली पाहिजे, आणि तेथून मग ती खाली उतरवावयाची. उलट दिशेने, म्हणजे जुन्या शाखेत आधी आणि मुख्य शाखेत मागाहून, असा क्रम ठेवला असता, तर मुख्य शाखेत आणावयाचे राहून गेलेले दोष पुढच्या आवृत्तीत पुन्हा उगवले असते. गिऱ्हाइकाच्या घाईपायी हा क्रम उलटा करण्याची चूक छोट्या कंपन्यांत वारंवार घडते. मार्च २०१६ मध्ये २.६.३२ ची देखभाल अधिकृतपणे थांबविण्यात आली. सहा वर्षांहून अधिक काळ ती शाखा मुख्य प्रवाहापासून दूर राहिली, आणि बंद करताना तिचा मर्ज करण्याचा प्रश्न कोणापुढेच आला नाही. तीतील दुरुस्त्या मुख्य शाखेत आधीच दाखल होत्या.